शाल-श्रीफळाने मोडलेला खेळ

नाणे तळहातात लपवायचे म्हणजे मुठीत धरायचे नव्हे. मूठ मिटली की पाहणाऱ्याला संशय येतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा आणि करंगळीखालची गादी यांच्यामध्ये नाणे दाबून धरायचे असते, आणि बोटे मात्र सैल ठेवायची असतात, रिकाम्या हाताची असतात तशी. माझा थोरला भाऊ हे काम उजव्या हाताने करीत असे. मल्हारगंजातल्या एका दुकानात गिऱ्हाइकांपुढे कापडाची ठाणे उलगडण्यात दादाची नोकरी संपली; जादू हा त्याचा छंद होता. पुढे अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू गेली. बोलणे परतले, चालणे परतले. हाताला मात्र कितीतरी दिवस चमचासुद्धा पेलवत नव्हता.

चमचा पेलू लागल्यावर त्याने रुपया घेतला. मी आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली, तेव्हा कोन तपासण्याचे काम माझ्याकडे आले. मी त्याच्या डावीकडे, जरा खाली, वेताच्या बुटक्या मोड्यावर बसायची. सर्वांत आधी तिथूनच नाणे दिसते. दिसले की दिसले म्हणून सांगायचे, हळहळायचे नाही, असे आमचे ठरले होते. पावसाळाभर मी त्याला नापास करीत राहिले. गणपती जवळ आले तेव्हा मला 'दिसले' म्हणायची वेळ येईनाशी झाली.

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात गुणदर्शनाच्या दुपारी त्याने नाव दिले. मी म्हटले, लोकांना बरे वाटेल. तो म्हणाला, "त्यांना बरं वाटावं म्हणून नाही करत मी. लोक फसले पाहिजेत. फसले, तर हात पुन्हा माझा."

खेळ साधा होता. उजव्या हातातला रुपया डाव्या तळहातावर ठेवल्यासारखे करायचे आणि डावी मूठ मिटायची. नाणे उजवीकडेच राहते. त्याच उजव्या हाताने खिशातला रुमाल काढून डाव्या मुठीवर पसरायचा, आणि मग थांबायचे. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. सर्वांची नजर रुमालावर स्थिरावली पाहिजे, त्याखाली नाणे आहे अशी प्रत्येकाची खात्री पटली पाहिजे. मगच रुमाल ओढायचा आणि रिकामी मूठ उघडायची.

दादाने रुपया दाखवला, ठेवला, मूठ मिटली, रुमाल पसरला. मी पहिल्या रांगेत अगदी कडेला, दादाच्या डाव्या बाजूला बसले होते आणि मला काहीही दिसले नाही. तो थांबला.

त्या थांबण्याचा अर्थ मंडळाच्या अध्यक्षांनी आपल्या मनाने लावला. काका अडकले, त्यांना सांभाळून घेतले पाहिजे, असे त्यांना वाटले. ते शाल घेऊन लगबगीने मंचावर चढले, दादाच्या खांद्यांवर ती घातली आणि मोठा नारळ पुढे केला. आपल्याकडे श्रीफळ एका हाताने घेत नाहीत. दादाचे दोन्ही हात सवयीने पुढे झाले, बोटे फाकली आणि रुपया मंचाच्या फळ्यांवर खणकन पडून घरंगळत गेला.

सभागृह उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. अध्यक्ष माइकवर आपल्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाले, "नाणं पडलं तर पडलं भिया, काकांची हिम्मत देखो!" शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मंचावर दादा शालीत गुंडाळलेला उभा होता, नारळ छातीशी धरून, आणि त्याचा चेहरा मला बघवत नव्हता.

मी मंचामागे जाऊन अध्यक्षांना गाठले. नाणे हातातून निसटले नाही, तुमच्या नारळाने पडले, हे त्यांना क्रमाने समजावले, आणि दादाला पुन्हा संधी द्या असे सांगितले. ते हसून म्हणाले, "ताईजी, टेन्शन नका घेऊ. सगळ्यांना आवडलं ना! पुऱ्या थंड होताहेत." मी त्यांना आणखी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, पण ज्या आवाजात म्हणाले, तो मी वर्गातही कधी वापरला नव्हता. जेवणाच्या रांगेत जो तो दादाच्या पाठीवर हात ठेवून, प्रयत्न केलात हेच मोठं, असे सांगत होता. ज्याने पेपर अचूक सोडवला त्याला सहानुभूतीचे गुण देऊन पास करायचे, याहून मोठा अपमान मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर त्या प्रसंगाचा व्हिडिओ आला. जिद्दीला सलाम, असे त्यावर लिहिले होते आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रीघ लागली होती. दादाने मोबाइल मागून घेतला. शाल येण्याच्या आधी त्याने चित्र थांबवले, बोटांनी मोठे केले आणि स्वतःचा उजवा हात बराच वेळ न्याहाळला.

"चांगला आहे," एवढेच बोलून तो दाढी करायला गेला.

त्याचे समाधान झाले असेल. माझे झाले नव्हते. मी तेवढाच भाग कापून ग्रुपवर टाकला, दादा रुमाल पसरून थांबतो तिथपर्यंतचा. खाली लिहिले: या क्षणी नाणे कोणत्या हातात आहे? फक्त उत्तर लिहावे. कौतुक लिहू नये.

डाव्या, असे पहिले उत्तर आले. मग लेफ्ट. मग रुमालाखाली. शेजारच्या बाईंनी डाव्या हाताबरोबर एक फूलही पाठवले. अध्यक्षांनी लिहिले, "ताईजी, डाव्यातच, और कहाँ!"

मी दादाला हाक मारली. तो गालावर साबण तसाच ठेवून आला, माझ्या खुर्चीमागे उभा राहिला आणि एकेक उत्तर मोठ्याने वाचू लागला. नवीन उत्तर आले की थांबायचा, वाचायचा, आणि पुढच्याची वाट बघायचा. साबण गालावर वाळून गेला तरी तो हलला नाही.

बरोबर उत्तर काय, असे अध्यक्षांनी संध्याकाळी विचारले. मी अजून सांगितलेले नाही.