चिखलदऱ्याला गेलेले सदस्य

पाच वर्षं ग्रामपंचायतीत सदस्य राहिलं की घरात दोन गोष्टी साचतात. एक शाली आणि दुसरे किस्से. शाली मी वाटून टाकल्या, दोन तर नातवाच्या पाळण्यात गेल्या. किस्से कोणाला देणार? पिपरी मेघेला लेकीकडं आले की तिच्या शेजारणी संध्याकाळी अंगणात जमतात आणि सुरू होतात, "ताई, ते सहलीचं सांगा ना." मी म्हणते, सांगते बाई, पण आधीचं ऐकल्याशिवाय त्याची मजा नाही.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, जामपासून चार-पाच किलोमीटर. सात सदस्य, त्यात आम्ही चार बाया : मी, चंद्रकला, मीना आणि उपसरपंच सुनंदावहिनी. वरून सरपंचपद बाईसाठी राखीव. तिथं निवडून आल्या बेबीताई. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत घर, शिक्षण सातवी, बचत गटाचं काम करून करून अर्ध्या तालुक्यातल्या बाया ओळखीच्या.

पण गावात वजन होतं ते सुनंदावहिनींच्या मालकांचं. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. वॉर्ड बाईसाठी सुटला म्हणून त्यांनी वहिनींना उभं केलं. बॅनरवर वहिनींचा फोटो पासपोर्टएवढा आणि भाऊंचा दाराएवढा! निकालाच्या दिवशी हारही भाऊंनीच घालून घेतला. वहिनी घरी पोहे करत होत्या.

*

पहिली मासिक सभा. ऑफिसात ग्रामसेवकाची सोडून खुर्च्या आठ. आम्ही गेलो तेव्हा सात भरलेल्या. तीन पुरुष सदस्य आणि आम्हा चौघींचे मालक. आमचे हेसुद्धा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून! आम्ही चौघी दाराजवळच्या सतरंजीवर बसलो. तेव्हा अपमान वाटला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला तर बरंच वाटलं, आपल्याला कोणी काही विचारणार नाही.

बेबीताई आल्या. आठवी खुर्ची त्यांच्यासाठी ठेवलेली. त्यांनी एकदा खुर्च्यांकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं पाहिलं, आणि सरळ येऊन माझ्या शेजारी सतरंजीवर मांडी घातली. शिपाई नामदेवकाकांना म्हणाल्या, रजिस्टर इकडं आणा. मग ग्रामसेवकालाही खाली बसावं लागलं.

भाऊ म्हणाले, "ताई, सभा इकडं हाय ना."

"सदस्य जिथं बसले तिथं सभा असते भाऊ. नामदेवकाका, खुर्च्याईवर पाहुणे बसले हायेत, त्याईले च्या द्या."

तीन पुरुष सदस्य थोडा वेळ टिकले, मग एकेक करून खाली उतरले. पाहुण्यांनी मात्र चहा पिऊन घेतला. आमचे हे त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि खरं सांगते, ते दोन दिवस घर फार शांत होतं.

*

वर्ध्याला महिला सदस्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. चंद्रकलेच्या मालकाला तिचा एकटीचा भरवसा नव्हता. एसटीत सोबत, हॉलमध्ये सोबत, शेजारच्या खुर्चीवरही सोबत. मॅडम हजेरी घेत होत्या. चंद्रकलेचं नाव आलं, ती तोंड उघडणार तेवढ्यात हा गडी सवयीनं म्हणाला, "हजर!"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. चिडल्या बिडल्या नाहीत. चंद्रकलेच्या नावाचा बिल्ला काढला आणि त्याच्या खिशाला लावला. म्हणाल्या, या चंद्रकलाताई, पुढं बसा, तुमच्यापासूनच सुरुवात करू. "घर आणि राजकारण दोन्ही सांभाळताना सासरकडून काय त्रास होतो, ते सगळ्यांना मोकळेपणानं सांगा."

साठ बायांचा हॉल आणि हा माईकसमोर उभा. चंद्रकला पदर तोंडाला लावून हसत होती. चहाच्या सुट्टीत तो जो गेला, तो थेट स्टँडवर. दुसऱ्या दिवशी ती एकटी आली, आणि येताना आम्हा सगळ्यांसाठी संत्री घेऊन आली.

*

आता जरा माझं सांगते. यात हसण्यासारखं कमी आहे.

सतरंजीच्या प्रकारानंतर आमच्या मालकांनी नवी युक्ती काढली. सभेच्या दिवशी बरोबर घरात काहीतरी काम निघायचं. मग नामदेवकाका सायकलवर रजिस्टर घेऊन दारात हजर. काका म्हणायचे, बाई, इथं सही. मी परातीतून हात काढायचा, लुगड्याला पुसायचा आणि सही ठोकायची. गावात आधीपासून असंच चालायचं.

एकदा बेबीताई लेकीच्या बाळंतपणासाठी हिंगणघाटला गेल्या होत्या. त्या महिन्याची सभा उपसरपंचांनी चालवली, म्हणजे भाऊंनी. बेबीताई परत आल्या, रजिस्टर वाचलं आणि मला बोलावून घेतलं. हायवेला लागून ग्रामपंचायतीची जागा आहे, ती अंगणवाडीसाठी ठेवलेली. ती भाऊंच्या पुतण्याला ढाब्यासाठी द्यायची, असा ठराव झाला होता. खाली माझी सही, आणि सहीशेजारी पिठाचा अंगठा!

"काय लिवलं होतं, माहीत होतं काय तुले?"

मी नाही म्हणाले. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, अंगणवाडी आता कुठं भरते? मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरत होती. पावसात पोरं भिंतीला चिकटून उभी राहायची, माझीही दोन्ही लेकरं तशीच उभी राहून मोठी झाली. मला मान वर करवेना.

पुढच्या सभेत तो ठराव रद्द झाला. त्या दिवसापासून रजिस्टरनं ऑफिसचा उंबरठा ओलांडला नाही. दर गुरुवारी बेबीताई वहिनी सोडून आम्हा तिघींना बसवून एकेक कागद वाचून घ्यायच्या. मी बारावी पास. पण कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला मला सातवी शिकलेल्या बाईनं शिकवलं. माझ्या आईनं जन्म दिला, तिचे उपकार आहेतच. त्याखालोखाल बेबीताईंचे.

*

आणि एवढं शिकून मी काय केलं? ऐका.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आमचे हे घाईघाईत घरी आले. कागद दुमडलेला, खालचा भाग तेवढा वर. म्हणाले, घरकुलाच्या यादीचा अर्ज आहे, तहसीलला जायचं आहे, सही कर. ऑफिसात आलेला कागद असता तर मी दोनदा वाचला असता. घरच्या माणसाच्या हातचा कागद कोण वाचतं? मी सही केली.

दुपारी नामदेवकाका सांगत आले. बेबीताईंवर अविश्वास ठराव आला आहे. नोटिशीवर पाच सह्या. पहिली सुनंदावहिनींची, पाचवी माझी.

मी हातातलं काम टाकलं. तशीच चपला न घालता बेबीताईंच्या घरी गेले. त्या तूर पाखडत बसल्या होत्या. बातमी त्यांना आधीच कळली होती. मी दारातच रडायला लागले. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं आणि हिशेब समजावला. ठराव पास व्हायला सहा हात लागतात. तीन पुरुष तिकडं आहेतच. चार बायांपैकी तिघींनी हात वर केला की बेबीताईंचं पद गेलं, आणि पुढच्याच सभेत अंगणवाडीची जागाही गेली.

मी म्हटलं, ताई, माझी सही झाली ना पण.

"सही झाली त झाली. हात अजून खालीच हाय ना तुहा? रडू नको, च्या घे."

मला लाथ मारून हाकलायचा त्यांना हक्क होता. त्यांनी चहात आलं घातलं. घरी येऊन मी आमच्या ह्यांना मात्र अशी काही बोलले, की शेजारच्या काकू रेडिओ बंद करून ऐकत बसल्या.

*

आता सहल.

अविश्वास ठराव आला की सदस्य पळवतात, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आमदारांचं विमान असतं, आमच्याकडं क्रूझर गाडी होती. मतदानापर्यंत बेबीताईंनी सदस्यांना गाठू नये, म्हणून भाऊंनी सगळ्यांना तीन दिवस चिखलदऱ्याला न्यायचं ठरवलं. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी, तेव्हा अशी सहल जिल्ह्याबाहेरच शोभते.

आमचे हे मे महिन्यात स्वेटर शोधत होते. मी विचारलं, मी पण येऊ काय?

"तू काऊन? सदस्याईची सहल हाय ते!"

देवाशपथ, असंच म्हणाले! आणि गाडी भरून गेली. तीन पुरुष सदस्य, आणि आम्हा चौघींच्या जागी आमचे चौघेही मालक. कोणी फोडू नये म्हणून भाऊंनी सगळ्यांचे मोबाईल एका थैलीत जमा करून घेतले. एवढा बंदोबस्त! आणि मत ज्यांचं, त्या चौघीजणी गावात, आपापल्या अंगणात.

चंद्रकला हातात झाडू घेऊन माझ्या दारात आली. "रेखा, सदस्य लपवून ठेवले म्हनते. मंग आपुन काऊन दिसून राह्यलो?"

आम्ही पायरीवर बसून पोट धरून हसलो. मीना आली, तीही हसायला लागली. तीन दिवस स्वयंपाक एकवेळचा, गप्पा चारवेळच्या. संध्याकाळी बेबीताईंच्या अंगणात बसायचो. अंगणवाडीचा दरवाजा कोणत्या बाजूला ठेवायचा, यावरच चंद्रकला आणि मीना भांडायच्या.

सुनंदावहिनी मात्र आल्या नाहीत. नोटिशीवर पहिली सही त्यांची, त्यामुळं आम्हीही गेलो नाही. बेबीताई एकदा गेल्या. वहिनी एकट्याच कुरड्यांचा चीक शिजवत होत्या. बेबीताईंनी पदर खोचला, दुसऱ्या बाजूनं चीक हाटू लागल्या आणि कुरड्या घालून परत आल्या. मी विचारलं, मताचं काही बोलल्या काय? तर म्हणाल्या, "नाई बाई, चीक लय घट्ट झाला होता."

आमचे हे आता स्वतःच ही गोष्ट पाहुण्यांना सांगतात. "मी तीन दिवस सदस्य होतो," म्हणतात. अशा माणसावर किती दिवस रागावणार? माझ्या कागदाला त्यांनी पुन्हा कधी हात लावला नाही, हेही त्यांच्या बाजूनं सांगते.

*

मतदानाच्या दिवशी क्रूझर सरळ ग्रामपंचायतीसमोरच येऊन थांबली. बाहेर निंबाच्या झाडाखाली भाऊंनी डफडेवाले बसवून ठेवले होते, गुलालाची पिशवी तयार. तहसीलदार साहेब आले. तरुण होते, हसणं माहीत नसलेले. आल्याबरोबर म्हणाले, सदस्य आणि सरपंच सोडून सगळ्यांनी बाहेर व्हा.

भाऊ उठलेच नाहीत. मी उपसरपंच आहे म्हणाले. साहेबांनी यादी पाहिली. यादीत सुनंदा लिहिलेलं होतं.

"आमी दोघं एकच हावो साहेब."

"मग एकानं बाहेर बसायला काही हरकत नाही," साहेब म्हणाले.

दार लागलं. आम्ही चौघी, तीन पुरुष सदस्य, बेबीताई आणि साहेब. अडीच वर्षांत वहिनी त्या खोलीत भाऊंशिवाय पहिल्यांदा बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. अडीच वर्षांत त्यांच्या तोंडून मी होकाराचा "हाव" सोडून दुसरा शब्द ऐकला नव्हता. मी बेबीताईंकडं पाहत होते, त्या टेबलाकडं.

साहेबांनी नोटीस वाचली. कारण एकच : सरपंच सदस्यांना विश्वासात घेत नाहीत. पहिली सही तुमची आहे, म्हणाले, तेव्हा तुम्हीच बोला.

वहिनी उभ्या राहिल्या. मग हळूच विचारलं, "साहेब, इस्वासात घेत नाई म्हंजे काय?"

"म्हणजे तुम्हाला न विचारता परस्पर निर्णय घेतात काय? तुमच्या सह्या परस्पर घेतात काय?"

वहिनींनी विचार केला. म्हणाल्या, "हाव. घेतेत."

संपलं, असं मला वाटलं. मीनानं माझं मनगट घट्ट धरलं.

"पन ते सरपंच नाईत साहेब," वहिनी म्हणाल्या. "ते बाहेर निंबाखाली उभे हायेत."

साहेबांनी मान खाली घातली आणि उगाच दोन मिनिटं काहीतरी लिहीत राहिले. मग म्हणाले, ठरावाच्या बाजूचे हात वर करा. तीन वर आले. तिसरा तर खांद्यापर्यंतच.

दार उघडलं. भाऊंच्या मुठीत गुलाल होता. ते पुढं आले आणि वहिनींना विचारलं, "काय झालं आत?"

वहिनींनी पदर सारखा केला. "मीटिंगमधलं घरी सांगाचं नसते, तुमीच म्हनता ना. चला, जेवून घ्या."