झाकणाकडे बघणारा

निघोजे फाट्यावर माझी इडलीची गाडी आहे. तिथे एक चष्मेवाला रोज यायचा आणि इडलीपात्राच्या थडथडत्या झाकणाकडे बघत बोटांवर मोजायचा. एकदा मी झाकण उचलायला गेले तर ओरडला, "आजी, थांबा! एक तारा असाच आहे. आत उष्णता कोंडली की फुगतो, सुटली की आकसतो. त्याचा उजेड आम्ही अवकाशातल्या दुर्बिणीनं मोजतो."

"मग तो मोज की."

"दुर्बीण सध्या दुसरीकडे बघतेय."

कंपनीची बस निघत होती. शिफ्टवाले उपाशी ताटल्या वाजवत होते.

"मग तूबी दुसरीकडं बघ," म्हणत मी झाकण काढलं.

सगळे खाऊन बसमध्ये चढले. चष्मेवाल्याने वहीत काहीतरी लिहिलं. मी चौथी शिकलेय, वाचता येतं. लिहिलं होतं, 'मोजणी तुटली. कारण: आजी.'