जावेची खोली पास झाली

आमच्याकडे घोडे बनतात. चामड्याचे. कधी हत्ती पण. इथं इंदूरात राजवाड्याच्या बाजूला दुकानांत काचेमागे उभे दिसतात ना, तसेच. पण आमचे तिथं नाही जात, समुद्रापार जातात. तिकडचे लोक बैठकीत मांडून ठेवतात म्हणे. मी कधी पाह्यलं नाही. मी बनवून सेठला देते, घोडा जातो, बस.

तारेचा सांगाडा असतो. त्याच्यावर कागद न् भुसा दोऱ्यानं गुंडाळून अंग भरायचं, मग बकरीचं ओलं चामडं वरून ओढायचं न् पोटाखाली शिवून टाकायचं. ऐकायला सोपं आहे. आमचे हे गेले तेव्हा पोरगी लहान होती. सासरे महूला फौजेत होते, त्यांची पेन्शन सासूबाई होत्या तोवर आली, मग बंद. तेव्हा मी आरी धरली. बोटं फाटायची, फडकं बांधायची, पुन्हा धरायची. त्यात सांगण्यासारखं काही नाही. ज्याच्यावर येते तो करतो.

धाकटी जाऊ लग्न होऊन आली तर तिला टाका मीच दाखवला. घर एकच, मधे विटांची एक भिंत. ती तिकडं, मी इकडं. आता खरं सांगायचं तर तिचा टाका माझ्यापेक्षा बारीक आहे. पहिल्याच वर्षी झाला. मला ते आवडलं नाही. अजून पण नाही आवडत.

आणि एकच गोष्ट असती तर मी गिळली असती. तिचा पोरगा तुकोगंजला ऑफिसात लागला, त्यानं तिला उंच टेबल करून दिलं, वर ट्यूबलाइट लावून दिली. मी जमिनीवर बसून शिवते. तिचा नवरा आहे. सकाळी पेपर धरून बसतो, चहा मागतो, ती त्याच्यावर खेकसते. भिंतीतून सगळं ऐकू येतं. मला वाटायचं, हिला खेकसायला माणूस तरी आहे.

तर एक दिवस सेठनं सगळ्या बायांना गोदामात बोलावलं. गोदामात घोड्यांचे खोके भिंतीला लावून ठेवलेले होते. लाल लगामाचे घोडे होते ते, बंदरावरून परत आले होते. लाल रंगात काहीतरी तिकडं मनाई असलेलं निघालं म्हणून.

"देखो बाई लोग," सेठ म्हणाला, "अब पहले जैसा नहीं रहा."

मग त्यानं सांगितलं. एक देश म्हणतो चामडं चिकटवायच्या लेईत मोरचूद घालू नका. आता मोरचूद नाही घातलं तर कीड लागणार, पण नको म्हणजे नको. दुसरा देश म्हणतो चामडं कुठून आलं ते दाखवा. तिसऱ्यानं तर कायदाच केला, की माल ज्या हातांनी बनला ते हात दाखवा. लेकरं कामाला बसवली नाहीत, कोणाला धाकात ठेवलं नाही, हे दाखवा. नाही दाखवलं तर तिकडच्या कंपनीला दंड.

"आणि ती कंपनी मला सोडेल काय?" सेठ म्हणाला. "कानून उधर का, गर्दन इधर की."

मागून एक बाई बोलली, "सेठजी, आम्हाला कोण धाकात ठेवणार? आम्ही तर सासूलाच ठेवतो."

सगळ्या हसल्या. सेठ नाही हसला. तो म्हणाला, घरोघरी मॅडम येणार, जिथं काम होतं ती जागा बघणार. जागा पास झाली तर काम राहील, नाही तर जय राम जी की.

घरी येता येता मला घोड्याची काळजी नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर जावेचं टेबल होतं. मॅडम ते बघणार, वरचा उजेड बघणार, मग माझ्या दारात येणार न् मी जमिनीवर. मी मनात म्हटलं, थांब, तुला दाखवते.

आमच्या इंदूरात सफाईची शान आहे. कचऱ्याची गाडी आली की बाया सुका-गीला वेगळा घेऊन दारात हजर. मग पाहुणा घरी येणार तर घर कसं ठेवतात, ते मला शिकवायला नको. मी भुसा पोत्यात भरून माळ्यावर टाकला. तार, दोरे, आरी, सगळं पेटीत. भिजल्या चामड्याचं टब शेजारी नेऊन ठेवलं, वास नको म्हणून. फरशी फिनाइलनं घासली, पलंगावर पोरीनं सासरहून आणून दिलेली चादर टाकली. सकाळी उठून पोहे केले, वर शेव, जिरावणाचा मसाला.

जावेनं दारातून डोकं आत घातलं. "ताई, पोरगी बघायला येतायत का कोणी?"

"तुझ्यासारखं उकिरड्यात बसवू का मॅडमला?"

"माझ्याकडं तर बाई पाय ठेवायला जागा नाही. काल हत्तीचे कान कापत बसले, तसंच पडलंय सगळं."

"राहू दे तसंच," मी म्हटलं. मला बरंच वाटलं.

मॅडम पुण्याची होती, इथं नोकरीला आलेली. आपली भाषा बोलते म्हणून मला हायसं वाटलं. पुस्तकातली बोलायची ती, आमच्यासारखी खिचडी नाही. तिनं खोलीत चारी बाजूंना बघितलं.

"आजी, तुम्ही काम कुठे करता?"

"इथंच करते, मॅडमजी."

"इथे म्हणजे कुठे?"

मी फरशी दाखवली. फरशी चमकत होती.

"आणि सामान?"

"उचलून ठेवलं ना. तुम्ही येणार होतात."

तिनं वाकून पलंगाखाली बघितलं. मग म्हणाली, "मग मी काय बघू, आजी? मला जसं असतं तसं बघायचं असतं. आवरलेली जागा दिसली की आम्हाला उलट जास्त शंका येते. लोक लहान मुलं लपवतात, केमिकल लपवतात."

"मी भुसा लपवला," मी म्हटलं.

तिला हसू आलं, पण मोबाइलमध्ये काय टिपायचं ते तिनं टिपलंच. मी म्हटलं पोत्यातून काढून दाखवते. ती म्हणाली, आता मांडलेलं चालत नाही. पोहे पुढं केले तर हात जोडले. तपासणीच्या घरी पाणी पण घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम. त्याला लाच म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोह्यांना कोणी लाच म्हटलं.

मग ती जावेकडं गेली. मी मागं मागं गेले. घोट्यापर्यंत भुसा, टेबलावर चिंध्या, खाली चामड्याचे तुकडे, अन् ही बया उठली पण नाही. म्हणते, "या मॅडम, पाय सांभाळा, तार लागेल." मॅडमनं फोटो काढले. टबात हात घालून बघितला, लेईचा वास घेतला, खिडकी उघडून बघितली. बाहेर आली तर खुश.

दोन-चार दिवसांनी सेठचा माणूस आला. जावेची खोली पास. मला म्हणाला, "माताजी, आपका रह गया. उसमें आया है कि यहाँ काम होता ही नहीं."

"मग इतकी वर्षं घोडे काय माझ्या नवऱ्याच्या फोटोनं शिवले?"

"मैं क्या करूँ माताजी. अगली बार फिर देखेंगे." अगली बार म्हणजे पुढच्या हंगामाला.

तो पावसाळा मी रिकाम्या हातानं काढला. हाताला सवय असते, तो नुसता बसत नाही. मी जुने कपडे उसवायची, पुन्हा शिवायची. पलीकडून दोरा ओढल्याचा आवाज यायचा, सर्र, थांबलं, सर्र. दुपारभर. मला त्या आवाजाचा इतका राग यायचा की मी उठून भांडी घासायची, घासलेलीच.

वर आणखी एक झालं. तिकडच्या कायद्यासाठी बनवणाऱ्याचा फोटो पण लागतो. घोड्याच्या पायाखाली एक चौकोन चिकटवतात, त्याच्यावर मोबाइल धरला की जाऊ दिसते. समुद्रापार कोणी गोरी बाई घोडा उलटा करते न् तिला माझी जाऊ हसताना दिसते. ती मला दाखवायला आली.

"चांगली आलेय ना, ताई?"

"डोळे मिटलेत."

"कुठं मिटलेत?"

"अर्धे."

ती गेली. मग मी बसून विचार केला की तिला तो टाका दाखवला कोणी. पण तो चौकोन केवढासा. दोघी कुठून मावणार.

पोरगी महूहून आली, म्हणाली आई चल, आमच्याकडं राहा. जावई चांगले आहेत, पण जावयाच्या घरी मी दोन दिवस राहते, तिसऱ्या दिवशी माझं मलाच जड होतं. पिठाचा डबा खाली चालला होता, ते मी तिला सांगितलं नाही.

जावेला कळलंच. भिंतीला दोन्ही बाजूंनी कान असतात. आली न् दारातच बसली.

"ताई, मी मॅडमला फोन केला होता. माझ्या पास जागेत आणखी एक नाव चढवता येतं म्हणे. माझ्याकडं येऊन बसा."

"तुझ्या हाताखाली?"

"बाजूला हो. हाताखाली कशाला."

"मोठी मी आहे."

"ते मला माहीत आहे. सेठला नाही माहीत." मग हसली. मला तिचं हसणं पण तिच्या टाक्यासारखंच वाटतं, बारीक, कुठं बोट घालायला जागा नाही.

मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले.

नाव चढवायला मॅडम पुन्हा आली. तिनं जावेला बाहेर पाठवलं, तिच्याच खोलीतून. नियम आहे, एकटीला विचारायचं. मोबाइल समोर धरला.

"आजी, तुम्ही इथे स्वतःच्या मर्जीने काम करता का? तुमच्यावर कोणाची जबरदस्ती आहे का?"

माझी मर्जी कोणी विचारायची मला सवय नव्हती. लग्नात पण कोणी विचारली नव्हती.

"अन् मी म्हटलं की मर्जी नाही, तर?"

"तर ही जागा बंद होईल. चौकशी होईल. पण घाबरू नका, कोण बोललं ते आम्ही कोणालाच सांगत नाही."

कोणालाच सांगत नाही. म्हणजे जावेला पण नाही.

दाराबाहेर तिच्या बांगड्या वाजत नव्हत्या. ती अशी गप्प कधी उभी राहत नाही. मी टेबल बघितलं. एक हत्ती अर्धा शिवून आडवा पडला होता, टाके एका ओळीत, मुंग्या चालल्यासारखे. माझ्या जिभेवर आलं होतं, हे मी नाकारणार नाही. एक शब्द, न् हे टेबल रिकामं, तो चौकोन रिकामा, भिंतीपलीकडं सगळं शांत. मग दोघी जमिनीवर.

पण मला तिची जागा बंद नको होती. मला ती माझी पाहिजे होती. बंद झाल्यावर माझी कशी होणार?

"मर्जीनं," मी म्हटलं.

"नक्की?"

"पोटाला लागतं म्हणून बसते. ते लिहायला जागा आहे का तुमच्यात?"

तिनं बघितलं. "नाही, तसं काही नाहीये."

"मग मर्जीच लिहा."

मॅडम गेली. जाऊ आत आली, माझ्याकडं न बघता सुईत दोरा ओवायला लागली. ओवेना.

"एवढा वेळ लागतो का हो, हो म्हणायला?"

"तुझ्या खोलीत घुटतं जरा, श्वास कोंडतो. तेच सांगत होते तिला."

"अन् काय म्हणाली?"

"म्हणाली, जावेला सांगा सरकायला."

ती सरकली. जेवढं पाहिजे होतं तेवढं नाही सरकली. मी हत्ती माझ्याकडं ओढून घेतला.