गिनाच्या पाठीवरची झ्लात्का

बल्गेरियातल्या स्लिवेन शहराच्या कापडगिरणीत झ्लात्का द्राग्नेवाने सव्वीस वर्षं साचे चालवले. गिरणी रुळांच्या पलीकडे, वस्ती अलीकडे, आणि मधे रुळांखालून जाणारा भुयारी रस्ता. सकाळच्या पाळीला दोन-तीनशे बायका तिथून एकदम जायच्या. डोक्यावरून मालगाडी गेली तरी कोणी बोलणं थांबवायचं नाही, फक्त आवाज चढवायचा. साच्यांच्या खडखडाटात राहून सगळ्यांचेच गळे तयार झाले होते.

जुनी कम्युनिस्ट राजवट गेली, मागोमाग गिरणीही बसली. भुयार ओस पडलं, भिंतींना ओल धरली.

दोन हजार एकवीसच्या सप्टेंबरात नगरपालिकेने त्या भिंती रंगवायला रालित्सा नावाची चित्रकार पाठवली. तिने रंगाचे डबे उघडलेच नाहीत. भुयाराच्या तोंडाशी टेबल मांडलं, चार खुर्च्या ठेवल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत बसली, "इथे काय बघायला आवडेल तुम्हाला?"

शेजारचे स्लावीकाका म्हणाले, "घोड्यावर बसलेला बंडखोर. भरघोस मिशांचा."

"मिशांना काय तोटा आहे या गावात?" झ्लात्का म्हणाली. "चौकातल्या पुतळ्याला आहेत, शाळेच्या दारावर आहेत, तुम्हालाही आहेत. या वाटेने रोज बायका जात होत्या. त्या कुठेच नाहीत."

"मग सांगा ना मावशी," रालित्सा वही काढून म्हणाली.

झ्लात्काने एकोणऐंशी सालातली गोष्ट सांगितली. बर्फ वितळून भुयारात गुडघाभर पाणी साचलं होतं. वर मालगाडी उभी, त्यामुळे रूळ ओलांडायची सोय नाही. झ्लात्का नुकतीच छातीच्या दुखण्यातून उठलेली. तिच्या खात्यातली गिना मिहोवा, आडव्या बांध्याची, हिने बूट काढून गळ्यात अडकवले आणि वाकून म्हणाली, "चढ पाठीवर."

अर्ध्या वाटेत, गार पाण्यात, गिना थांबली. "आता खरं सांग. माझा कंगवा कोणी मोडला?"

"मला काय माहीत!"

"सोडू का खाली?"

"मीच मोडला, बाई! मीच!"

मागच्या बायका हसून हसून भिंतीला टेकल्या.

सांगता सांगता झ्लात्काही हसली. रालित्साने विचारलं, "गिनामावशी आहेत अजून?"

"आहे. दोन घरं सोडून राहते. अठ्ठावीस वर्षं बोलत नाही माझ्याशी."

त्र्याण्णव साली कामगार कमी करायचे ठरले, तेव्हा खात्याची मुकादम झ्लात्का होती. चौघींपैकी एकीचं नाव तिने द्यायचं होतं. तिने गिनाचं दिलं.

"त्यांना विचारल्याशिवाय मी त्यांचं चित्र काढणार नाही," रालित्सा म्हणाली.

"मग जाऊन विचार."

"मी नाही. तुम्ही."

तीन दिवस झ्लात्का घरात येरझारा घालत राहिली. चौथ्या दिवशी गेली. गिना अंगणात विस्तवावरचं पत्र्याचं पिंप दांड्याने फिरवत त्यात मिरच्या भाजत होती. तिने वर पाहिलं नाही.

"भुयाराच्या भिंतीवर तुझं चित्र काढायचं म्हणतात," झ्लात्का फाटकातूनच म्हणाली.

"माझं? का, मेले की काय मी?"

"पाण्यातलं. पाठीवर मी आहे."

पिंपाचा दांडा थांबला. गिना म्हणाली, "माझंच नाव का दिलंस?"

"तुझा नवरा रेल्वेत होता. बाकीच्या तिघी विधवा होत्या गं."

"ते मला दुसऱ्याच दिवशी समजलं होतं. पण तू येऊन सांगशील म्हणून मी वाट पाहिली. ती संध्याकाळ, तो आठवडा, ते वर्ष. नाही आलीस."

"भ्याले मी," झ्लात्का म्हणाली.

गिनाने एप्रनच्या टोकाने घाम पुसला आणि दांड्यावरचा हात काढला. "उभी काय राहिलीस? मिरच्या करपतील. फिरव."

चित्र ऑक्टोबरभर चाललं. पाणी वस्तीतल्या लोकांनीच रंगवलं; स्लावीकाकांनी तर पँट गुडघ्यापर्यंत निळी करून घेतली. जुन्या गिरणीवाल्या एकेक करून यायला लागल्या. "माझा रुमाल लाल होता." "इथे माझी बहीण घाल, ती नेहमी मागे राहायची." गेलेल्यांची नावंही निघत. मग कोणीतरी त्या बाईची खोड आठवून सांगे आणि पुन्हा गलका. अशा तेवीस बायका भिंतीवर आल्या.

"माझी पाठ एवढी रुंद?" गिनाने तक्रार केली.

"याहून रुंद होती," झ्लात्का म्हणाली. "मला आठवते ना."

पूर्वीची मैत्री जशीच्या तशी काही परतली नाही. मधली वर्षं मधेच राहिली. एकीची दुखणी, एकीच्या नवऱ्याचं जाणं, दुसरीला ठाऊकच नव्हतं. पण दोन हिवाळे दोघींनी एकत्र कॉफी घेतली, कुठलं काय कधी घडलं यावरून भांडल्या. मग गुडघे गेले म्हणून मुलीने गिनाला समुद्रकाठच्या बुर्गास शहरात आपल्याकडे नेलं.

आता दर रविवारी फोन होतो. मागच्या खेपेला झ्लात्काने कळवलं, की कुणीतरी चित्रातल्या गिनाच्या पायांवर फुटबॉलच्या संघाचं नाव खरडलंय आणि स्लावीकाका चिडून पुसायला निघालेत.

"राहू दे म्हणावं," गिना म्हणाली. "तोंडाला हात लावला तर मात्र मला कळव. मी येते."