नजरेचं माप

करी रोडच्या नाक्यावर जीपमागे ट्रेलर जोडून सामान पोचवणारा एक माणूस आहे. कमरेला टेप लावतो, पण माप कधीच घेत नाही. "आपली नजरच टेप आहे, वहिनी," म्हणतो. आमची पिठाची गिरणी नव्या गाळ्यात न्यायची होती. त्याने ती ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला चढवून घेतली आणि जीपला जोडायचा पुढचा दांडा वर उचलला गेला.

"गिरणी पुढे घ्या ना," मी हळूच म्हटलं.

"दळणाचं तुम्ही बघा, हे मी बघतो. पाहिजे तर पुढे बसा, वजन होईल."

आमचं पोट त्या गिरणीवर आहे. अख्खा नाका बघत असताना मी ट्रेलरच्या पुढच्या टोकावर बसले. दांडा तसूभरही खाली आला नाही. शहाण्याने मला नखशिखांत न्याहाळलं. "वहिनी, जरा खात जा."