साहेब पाण्यावर आले

निसर्गसौंदर्याची मला लहानपणापासून आवड नाही. तरीही स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी, भर मार्चात, बायको आणि सासूबाईंना घेऊन मी हिंगणीपलीकडच्या जंगलात निसर्गाचे चमत्कार पाहायला गेलो. कारण मला बदली हवी होती!

मी कारंज्याला मास्तर, बायको हिंगणघाटला. चार वर्षं स्वतःच्या हातानं भाकऱ्या थापून मी रडकुंडीला आलो होतो. अशात कळलं, की जंगलसाहेबांचे मेव्हणे शिक्षणखात्यात आहेत आणि साहेब सध्या याच जंगलात मुक्कामाला आहेत. सहलीच्या निमित्तानं साहेब 'सहज' भेटावेत म्हणून बदलीचा अर्ज मी कोटाच्या खिशात ठेवला.

सोमाजी नावाच्या गोंड वाटाड्यानं आधी खडकातलं भीमाचं पाऊल दाखवलं.

"भीमाले पाचच बोटं व्हती काय?" सासूबाई निराश झाल्या.

माझं लक्ष मात्र वेगळीकडेच. "सोमाजी, साहेब आहेत ना जंगलात?" मी हळूच विचारलं.

सोमाजी दचकला. "हाय ना. कालच नाल्यावर दिसले."

"स्वभावानं कसे आहेत?"

"पोट भरलं असलं का कोनाले काई करत नाई." (खातं कोणतंही असो, साहेब इथूनतिथून सारखेच!)

"आणि रागावले तर?"

"झोपमोड झाली तरच. मागं एका पटवाऱ्याले पार सडकेपर्यंत पळवलं."

पटवाऱ्याला पळवणारा साहेब! माझा आदर दुणावला. "भेटायची वेळ काय त्यांची?"

"लोक कायले भेटतीन, मास्तर? वाटलं तं थेच भेटते."

दुपार कलताना डोहाजवळ सोमाजी एकदम थबकला. "साहेब पाण्यावर आले! हलू नोका!"

मी टोपी सरळ केली, अर्ज काढला आणि निघालो.

"अवो, कुठी चालले?" बायको कुजबुजली.

"गप्प बस! आज नाही तर कधीच नाही!"

सोमाजीनं माझा कोट धरला. (साहेबांच्या आधी खालच्यांचा हात ओला करावा लागतो, हे मी जाणून होतो.) त्याच्या हातात विड्यांचा कट्टा कोंबून मी झुडपापलीकडे गेलो आणि कमरेत वाकलो. "नमस्कार, साहेब! मी कारंज्याचा..."

वाकल्यामुळे मला आधी साहेबांचे पाय दिसले. ते चार होते.

पुढचं सगळं मी मोहाच्या झाडावरून पाहिलं. साहेब सावकाश आले, खाली पडलेल्या अर्जाचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि निघून गेले.

"वाघ आहे म्हणून सांगायचं ना!" मी वरून ओरडलो.

"रानात त्याईचं नाव घेत नाई, मास्तर! नाव घेतलं का येते."

"मग न घेता काय झालं?"

"जाऊ द्या, जावईबापू," सासूबाई पहिल्यांदाच खूश दिसल्या. "चमत्कार पाह्यला म्या. तुमाले इतक्या लवकर झाडावर चढता येते!"

बदली झाली नाही. भाकऱ्या चालूच राहिल्या. सबंध नोकरीत माझ्या अर्जापर्यंत स्वतः चालत आलेला साहेब मी तो एकच पाहिला, आणि नेमका तेव्हा मी जागेवर नव्हतो!