दोन धोतरांचा पडदा

सिनेमाचा पडदा केवढा असावा आणि माणसानं त्यापासून किती लांब बसावं, हे आमच्या घराण्यात फक्त मला कळतं. (असं माझं मत होतं. घराण्याचं मत कोणी विचारलं नव्हतं.)

ही विद्या मी अकोल्याला मिळवली. मामाकडे गेलो की मी तंबूतल्या सिनेमाला जात असे, आणि बसायचो सगळ्यात पुढे, जमिनीवर. तिथून राजाचं फक्त नाक दिसे. राणी रडायला लागली की वाटे, आता आपण भिजणार! मान अशी आखडे की दुसऱ्या दिवशी मी मामीशी छताकडे बघून बोलत असे. त्यावरून मी सिद्धान्त काढला : पडदा जेवढा मोठा तेवढा चांगला, आणि माणूस जेवढा लांब तेवढा सुखी. हा सिद्धान्त घरी वापरायची वेळ देवानं आणायला नको होती. पण आणली.

आम्ही माळी. अमरावतीत देवळाबाहेर आमचं फुलांचं दुकान, आणि मोर्शीकडे संत्र्याची बाग. वडील मी लहान असतानाच गेले. त्यांच्या थोरल्या भावानं, म्हणजे मोठ्या बाबांनी, आम्हाला सांभाळलं. घरात ते, आई, माझा थोरला भाऊ गणपत आणि मॅट्रिक पास झालेला मी. (हे मी सांगितलं नाही तर कोणी सांगत नाही.)

दादा डावखुरा होता. आता, डावखुरा सुतार चालतो, डावखुरा गवंडी चालतो. डावखुरा माळी चालत नाही! देवाची फुलं डाव्या हातानं दिली की गिऱ्हाईक विंचू चावल्यासारखं मागे सरे.

"काहून रे गणपत, डाव्या हाताचे फुलं देवीले वाहू का मी?"

"हात माहा हाय मावशी, फुलं तं देवीचेच हायेत ना!"

की मागून आईचा धपाटा. "उजवा! उजवा हात कर, मेल्या!" एकदा तिनं त्याचा डावा हात फडक्यानं कमरेला बांधून टाकला. पठ्ठ्यानं दातात दोरा धरून उजव्या हातानं हार केला. तो हार पाहून गिऱ्हाईक म्हणालं, "हा देवीले नको, पोळ्यात बैलाले घालतो." आई चिडली, मोठे बाबा चिडले, आणि दादा असा हसला की शेवटी गिऱ्हाईकही हसलं आणि हार घेऊन गेलं.

तो दादा एका पावसाळ्यात तापानं गेला. त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती. मी विनोद करणारा माणूस आहे, पण या ठिकाणी मला काही सुचत नाही. पुढे जातो.

त्याचा एकही फोटो घरात नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं आईचं म्हणणं, म्हणून तिनं काढूच दिला नव्हता. वर्ष उलटलं आणि एका सकाळी हार ओवता ओवता ती मला म्हणाली, "वामन, त्याचं तोंड निसटून राहिलं रे माह्या ध्यानातून. आवाज येते. तोंड नाई येत." आणि पुन्हा ओवायला लागली.

अशात आमच्या बागेची संत्री घेणारे कलकत्त्याचे शेठ घरी आले. हौशी माणूस! दादा असताना एका हंगामात ते हलती चित्रं घ्यायची पेटी घेऊन बागेत हिंडले होते. ओसरीवर चहा पिता पिता ते म्हणाले, "गणपत का छोटा-सा पिक्चर है हमारे पास. मशीन भी साथ है. माँजी देखेंगी?"

आत स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. मग दाराआडून आईचा आवाज आला, "तोंड दिसते का त्याच्यात?"

"हँसता हुआ दिखता है, माँजी."

शेठ सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याहून जाणार होते. म्हणजे जे काय ते त्याच संध्याकाळी. मी बाह्या सरसावल्या. घरात सिनेमाचा जाणकार दुसरा होता कोण?

शेठ म्हणाले, "तौलिया जितना कपड़ा बस है, भैया. छोटा रखो, साफ दिखेगा."

टॉवेल! माझा दादा काय टॉवेलावर दाखवायचा? मी मोठ्या बाबांची दोन धोतरं ट्रंकेतून काढली आणि एकाला एक शिवायला घेतली.

"अन् मी काय नेसू?" मोठे बाबा म्हणाले.

"मोठे बाबा, सिनेमा अंधारात असते!"

"बैताड! तो संपल्यावर उजेड होते ना!"

धोतरं जुनी, पिवळट. पडदा कसा पांढराशुभ्र पाहिजे! म्हणून मी ती धुतली आणि नीळ घातली. घाईत पुडी सगळीच पडली. पडदा आधी आकाशी झाला, मग त्याहून थोडा पुढे गेला. वाळायला वेळ कुठला? तसाच ओला, ठिबकणारा, बैठकीच्या मधोमध दोरीवर टाकला. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं एका बांबूला. ओल्या धोतरांच्या वजनानं बांबू लगेच वाकून नमस्कार करू लागला. कोणीतरी धरून उभं राहणं भाग होतं. या शास्त्रातला जाणकार म्हणून तो मान मला मिळाला.

त्याआधी मी खडूनं जमिनीवर रेघा मारल्या होत्या. ही मशीनची जागा, ही मोठ्या बाबांची, ही पाहुण्यांची, आणि या रेघेच्या पुढे कोणी यायचं नाही! दिवेलागणीला अर्धी गल्ली आली आणि माझ्या रेघांवर मांडी घालून बसली.

मग कळलं, मशीनची वायर आखूड. घरात वीज नुकतीच आलेली, तीही एका दिव्यापुरती. मशीन माझ्या रेघेपर्यंत जाईना. शेठनी ती पडद्याजवळच एका स्टुलावर ठेवली आणि उजेड टाकला. दोन धोतरांच्या त्या अफाट निळाईत परातीएवढा चौकोन उमटला!

"एवढंच?" मोठे बाबा म्हणाले. "मंग माह्या दोन धोतरांचं काय काम होतं रे?"

आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की आई कुठेच नाही. आमच्यात सून भासऱ्यासमोर बसत नाही. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर तिनं तोंड वर करून बोलायचंही नाही. मोठे बाबा पुढे बसले म्हणजे आई तिथे येणार नाही, हे आमच्या मांजरीलासुद्धा ठाऊक होतं. मी सगळ्या गल्लीला जागा आखून दिली होती. जिच्यासाठी हा खटाटोप चालला होता, तिची रेघ मारायची राहिली होती!

मी बांबूपाशी, पडद्याच्या अगदी कडेला उभा. वळून पाहतो तर पडद्याच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दारापुढे, आई पाट टाकून बसलेली. पडद्यापासून हातभर.

"आई, तिकून उलटं दिसन!"

"दिसू दे. दिसते ना?"

शेठनी मशीन फिरवायला सुरुवात केली. पुढे एकच कालवा.

"काई दिसत नाई लेका!"

"माणूस हाय का झाड हाय ते?"

"वामन्या, निळं भूत दाखवून राहिला काय रे?" हे मोठे बाबा.

झालं असं होतं की ओलं कापड उजेड पुढे ठेवीना, सगळा आरपार जाऊ देई. पुढच्यांना नुसती निळी सावली, आणि मागे चित्र लख्ख. ते लख्ख चित्र मला आईच्या तोंडावर कळलं, कारण तिचं तोंड उजळलं होतं. मला स्वतःला कडेवरून दिसत होती ती धोतराची किनार, आणि तिच्यावर उजेडाची एक चीर.

आई पाटावरून पुढे झुकली. मग हळूच म्हणाली, "हाव. असाच हसे तो. असाच."

पुढची बडबड थांबली. शेठ फिरवत होते. आणि एकदम आई ओरडली, "वो माय! उजवा! उजव्या हातानं देऊन राहिला माहा गणू!"

बागेत दादानं संत्रं सोलून पेटीसमोर धरलं होतं. डाव्या हातानंच, दुसऱ्या कुठल्या धरणार! पण मागच्या बाजूनं तो उजवा झाला होता. आई हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. आणि तिनं हात पुढे करून ते संत्रं घ्यायला पडद्याला हात लावला. पुढच्या बाजूला निळ्या धोतरातून पाच बोटं उमटली.

मी पडद्याकडे बघायचं सोडून आईकडे बघत होतो. बांबू हातातून कधी कलला, मला कळलं नाही. दोरी सुटली आणि ती दोन्ही ओली धोतरं, नीळ आणि पाण्यासकट, आपल्या मूळ मालकाच्या डोक्यावर पडली!

"अबे!" एवढंच मोठे बाबा म्हणाले.

उजेड मात्र थांबला नव्हता. मध्ये काहीच उरलं नव्हतं म्हणून तो सरळ आईवर पडला. तिच्या पांढऱ्या लुगड्यावर दादाचा हात आला, पुढे केलेला, संत्रं घेतलेला, डावा. आईनं खाली मान घालून पाहिलं. समोर भासरा, गल्लीतली माणसं, सगळी होती. मोठे बाबा धोतर काढायला हात वर नेत होते. तेवढ्यात आई बोलू लागली, आणि तो आवाज ऐकून त्यांनी हात खाली घेतला. त्या ओल्या निळ्या धोतराखाली ते तसेच बसून राहिले.

आईनं दोन्ही हातांनी पदर पसरला. "दे बाप्पा," ती म्हणाली. "डाव्यानं दे. कायच्याही हातानं दे."

फीत संपली. नुसता पांढरा उजेड तिच्या पदरात राहिला. कोणी उठलं नाही. मोठे बाबा धोतराखालून म्हणाले, "शेठ, एक डाव अजून लावा." त्यांचा आवाज भिजल्यासारखा येत होता. पाण्यानं असेल.

मला वाटलं, चला, आता माझी बघायची पाळी! मी बांबू फेकला आणि मशीन नीट जागेवर ठेवायला धावलो. हात ओले, निळे, ठिबकणारे. मशीनचा दिवा तापून लाल झालेला. मी मशीनला हात घातला आणि पाणी दिव्यावर ठिबकलं. फट्!

"दूसरा नहीं है, भैया," शेठ म्हणाले. सकाळी ते पेटी, मशीन, फीत सगळं घेऊन बडनेऱ्याला गेले. पुढल्या हंगामात फीत आणतो म्हणाले. पुढे लढाई सुरू झाली, आणि ते काही परत आले नाहीत.

मोठे बाबा ती निळी धोतरं फाटेपर्यंत नेसले. बाजारात कोणी विचारलं की माझ्याकडे बोट करून सांगत, "पोरगं मॅट्रिक झालं ना आमचं, त्याचा रंग हाय!" आई दुकानावर बसायची ती तशीच. फक्त कोणाचं पोरगं डाव्या हातानं फुलं घ्यायला आलं, की त्याला दोन फुलं जास्त द्यायची.

शेठ गेले त्या दिवशी तिनं मला विचारलं, "तुले दिसला ना रे चांगला?"

"हाव," मी म्हटलं. "लख्ख दिसला."

"हसून राहिला होता ना?"

"हाव. हसून राहिला होता."

आजही कोणाच्या घरी सिनेमा दाखवायचा म्हटलं की मला बोलावणं येतं. मी पडद्याचं माप सांगतो, कापड कोरडं आहे ना ते चाचपून बघतो, कोणी किती लांब बसायचं त्याच्या रेघा मारतो, घरातल्या आईची पहिली. मग यजमान अदबीनं विचारतात, "अन् वामनराव, तुमी कुठं बसान?"

मला जागा नको म्हणतो. एक बांबू द्या.